बाळाला कुठलं शास्त्रीय संगीत लावायचं? अगदी पहिल्यापासून सांगते

घरात बाळ आलं की पंधरा दिवसांत कोणीतरी विचारतंच, "अगं, काही चांगलं ऐकवतेस की नाही त्याला?" मग आपण रात्री दोन वाजता एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात मोबाईल घेऊन शोधत बसतो, आणि समोर येतात आठ-आठ तासांचे व्हिडिओ, हुशार बाळासाठी, गाढ झोपेसाठी, मेंदूच्या वाढीसाठी. माझंही असंच झालं होतं. आमची लेक आता अडीच वर्षांची आहे. मी शाळेत असताना गाण्याच्या मध्यमापर्यंतच्या परीक्षा दिल्यात, म्हणजे यमन राग कुठला आणि भूप कुठला एवढं कळतं, तरीही पहिले तीन-चार महिने माझी निवड चुकत होती, कारण मी फक्त रागाचं नाव बघत होते आणि ते रेकॉर्डिंग आतून कसं आहे ते बघतच नव्हते. ज्यांना शास्त्रीय संगीतातलं काहीच कळत नाही आणि तरी बाळाला ऐकवायचंय त्यांच्यासाठी हे सगळं नीट क्रमाने लिहितेय.

आधी हुशारीचं ओझं खाली ठेवा

मोझार्ट लावला की बाळ हुशार होतं हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. त्याची गोष्ट अशी आहे की १९९३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन कॅम्पसमध्ये ३६ कॉलेजच्या मुलांवर एक प्रयोग झाला, त्यांना मोझार्टचा दोन पियानोंसाठी लिहिलेला सोनाटा दहा मिनिटं ऐकवला आणि कागद दुमडून-कापून कसा दिसेल अशा प्रकारची कोडी दिली, तर त्यांचे मार्क थोडे वाढले, आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत उतरला. बाळं त्यात कुठेच नव्हती! पण बातमी पसरत गेली आणि १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी, झेल मिलर यांनी, प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची सीडी किंवा कॅसेट द्यायला बजेटमध्ये १,०५,००० डॉलर मागितले. पुढे २००१ च्या एका अभ्यासात दिसलं की मूड चांगला झाला, तरतरी आली की कोडी जरा बरी सुटतात, त्यात मोझार्टची अशी खास जादू नाही.

हे आधी सांगतेय कारण हे डोक्यात राहिलं की निवड बिघडते. बाळ कंटाळलंय, मान फिरवतंय, आणि आपण मात्र "पंधरा मिनिटं तरी ऐकू दे, चांगलं असतं" म्हणून चालूच ठेवतो. संगीत लावायचं ते घरात तेवढा वेळ छान जावा म्हणून, बाळाला स्वरांची सवय व्हावी म्हणून आणि आपल्यालाही जरा बरं वाटावं म्हणून, आणि मला विचाराल तर ही कारणं भरपूर आहेत.

गरोदरपणाबद्दलही खूप जणी विचारतात. साधारण पंचविसाव्या-सव्विसाव्या आठवड्यापासून बाळ पोटात आवाजाला प्रतिसाद द्यायला लागतं हे खरं आहे. पण म्हणून पोटावर हेडफोन लावायची काही गरज नाही, तसं करूही नका. आईचा आवाज आतून तसाच पोचत असतो, १९८० मध्ये अमेरिकेत झालेल्या प्रयोगात तीन दिवसांच्या आतली बाळं आईचा आवाज ओळखून तोच ऐकायला मिळावा म्हणून चोखण्याची लय बदलत होती. तुम्ही स्वयंपाक करताना रेडिओ ऐकलात, गुणगुणलात, तेवढं पुरे.

पहिलं काम: कानांची तपासणी झालीये का बघा

हे बऱ्याच लेखांत नसतं म्हणून मी मुद्दाम वर घेतेय. जन्मल्यावर बाळाच्या कानांची एक तपासणी करतात, ओएई म्हणतात तिला, बाळ झोपलेलं असताना कानात छोटं बूच ठेवून काही मिनिटांत होते, अजिबात दुखत नाही. डॉक्टर लोक एक-तीन-सहा असा हिशोब सांगतात, पहिल्या महिन्याच्या आत तपासणी, काही शंका असेल तर तिसऱ्या महिन्याच्या आत पक्कं निदान, आणि सहाव्या महिन्याच्या आत उपचार सुरू. डिस्चार्जच्या कागदात याची नोंद आहे का बघा, नसेल तर बाळाच्या डॉक्टरांना विचारा, लाजू नका. आमच्या कागदात ती ओळ रिकामी होती, मी विचारलं म्हणून तपासणी झाली, सगळं ठीक निघालं. मुंबईच्या आसपास असाल तर वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, सरकारी आहे आणि कानांचंच काम करते.

आणि घरच्या घरी लक्ष ठेवा, दार आपटलं तर दचकतंय का, चार-सहा महिन्यांचं झाल्यावर आवाजाकडे मान वळवतंय का. वळवत नसेल तर "होईल हळूहळू" म्हणून थांबू नका.

दुसरं: स्पीकर कुठे आणि आवाज किती

बाळाच्या कानाची नळी अगदी छोटी असते त्यामुळे तोच आवाज त्याच्या कानात आपल्यापेक्षा जास्त जोरात पोचतो. २०१४ मध्ये बाळांना झोपवायची १४ साउंड मशीन तपासली होती, तर फूटभर अंतरावर फुल व्हॉल्यूमला सगळीच्या सगळी ५० डेसिबलच्या वर गेली आणि तीन तर ८५ च्याही वर. ५० ही हॉस्पिटलमधल्या नवजात बाळांच्या खोलीसाठीची मर्यादा आहे. त्यांचा सल्ला असा होता की मशीन बाळापासून निदान २०० सेंटीमीटर लांब ठेवा, म्हणजे साडेसहा फूट.

आपल्या घरात याचा अर्थ असा की मोबाईल पाळण्यात, उशीजवळ, दुपट्याच्या घडीत ठेवायचा नाही. खोलीच्या दुसऱ्या टोकाला कपाटावर छोटा ब्लूटूथ स्पीकर ठेवा, वायर पाळण्याच्या जवळपाससुद्धा नको. मोबाईलवर डेसिबल मोजायचं ॲप फुकट मिळतं, ते काटेकोर नसतं पण अंदाज येतो, बाळाच्या डोक्याजवळ धरून ५० च्या खाली येईस्तोवर आवाज कमी करा. तुम्हाला वाटेल हे तर ऐकूच येत नाहीये. येतं. पंख्याच्या आवाजाच्या थोडंसंच वर, तुम्ही हळू आवाजात बोललात तरी बोलणं स्पष्ट कळतंय इतपत, असं ठेवायचं.

मोबाईलचा स्वतःचा स्पीकर मी टाळते, त्याचं कारण वेगळं आहे. त्याला खालचे स्वर नीट येत नाहीत, तानपुऱ्याचा खर्ज गायब होतो आणि उरतो तो नुसता किरकिरा भाग. तेच रेकॉर्डिंग तीन-चार इंचांच्या साध्या स्पीकरवर लावा, फरक लगेच कळेल. आणि हेडफोन, इअरफोन बाळाला कधीच नाही.

तिसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं: रेकॉर्डिंगचा चढ ओळखा

आता माझी चूक सांगते. लेक चार महिन्यांची होती, दुपारची वेळ, मी एक नावाजलेलं संतूरचं रेकॉर्डिंग लावलं. आलाप सुरू झाला, एकेक स्वर असा पाण्यात थेंब पडल्यासारखा, ती बघत राहिली, मग पापण्या जड झाल्या, बाराव्या मिनिटाला झोपली. मला इतका आनंद झाला की मी तिथेच चटईवर आडवी झाले. तिसाव्या मिनिटाला काहीतरी झालं आणि तिचे दोन्ही हात एकदम वर, बोटं फाकलेली, चेहरा लालबुंद, आणि जे रडायला लागली ते अर्धा तास. तेव्हा वाटलं पोटात दुखत असेल. दुसऱ्या दिवशी तेच, त्याच रेकॉर्डिंगला, जवळपास त्याच मिनिटाला. मग मी ते शेवटपर्यंत स्वतः बसून ऐकलं, तर तिसाव्या मिनिटाला होता "झाला", म्हणजे वाजवण्याचा तो सगळ्यात जलद भाग, आणि तबल्याबरोबर तिहाई (तोच तुकडा तीनदा) येऊन दाणकन् सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा.

आपलं हिंदुस्थानी संगीत असंच बांधलेलं असतं, हे नवीन माणसाला कोणी सांगत नाही. सतार, सरोद, संतूर यांत आधी आलाप (ताल नाही, अगदी निवांत), मग जोड (लय जाणवायला लागते), मग झाला (भरभर), त्यानंतर तबल्याबरोबर गत (तालात बांधलेली धून), आधी विलंबित म्हणजे सावकाश, मग द्रुत म्हणजे जलद, आणि शेवटी परत झाला. गाण्यात ख्याल असेल तर विलंबित एकताल किंवा तत्सम काहीतरी, अगदी सावकाश, मग ताना (भरभर स्वरांच्या सरी) सुरू, मग द्रुत तीनताल. मैफिलीत आपण याच चढाची वाट बघतो, शेवटी अंगावर काटा येतो. पण झोपलेल्या बाळासाठी हा चढ उलटा पडतो. सुरुवात ऐकून आपण निवडतो आणि बाळाला शेवट भोगावा लागतो.

म्हणून कुठलंही रेकॉर्डिंग लावायच्या आधी हे करा, पाच मिनिटांचं काम आहे. पूर्ण ट्रॅक ऐकत बसायची गरज नाही, बोटाने पुढे सरकवत पाच ठिकाणी अर्धा-अर्धा मिनिट ऐका: सुरुवात, पाव, अर्धा, पाऊण आणि शेवटची दोन मिनिटं. कुठे लय दुप्पट होतेय, कुठे तबला एकदम आत येतोय, टाळ्या कुठे आहेत (जुन्या मैफिलींच्या रेकॉर्डिंगमध्ये टाळ्या फार जोरात असतात आणि मधेच येतात) हे कागदावर मिनिटासकट लिहा. माझ्या फ्रिजवर अजून तो कागद आहे, "यमन सतार १८ पर्यंत ठीक", "भूप २२ ला ताना", असा. मग स्लीप टायमर त्या मिनिटाच्या दोन मिनिटं आधी लावायचा. बस्स. आमच्या दुपारच्या झोपा सुधारल्या त्या या कागदाने, राग बदलून नाही.

ज्यांना हेही नकोय त्यांनी नुसता आलाप असलेले ट्रॅक शोधा. त्यात धृपदाचा (ख्यालाच्या आधीची जुनी शैली) आलाप मला फार आवडतो, विशेषतः झिया मोहिउद्दीन डागर यांची रुद्रवीणा, मंद्र म्हणजे खालच्या सप्तकात इतकी सावकाश की एका स्वरावरून दुसऱ्यावर जायला कितीतरी वेळ घेतात. तीही पुढे जलद होतेच, पण त्याला बराच अवकाश असतो.

आणि नुसता तानपुरा. याच्याबद्दल मला खूप सांगावंसं वाटतं. प सा सा सा, चार तारा, पुन्हा पुन्हा, त्यात दचकवणारं काहीच नाही, सुरुवात-शेवट नाही, चढ नाही. ज्या घरात बाळाला झोपवायला मिक्सर किंवा हेअर ड्रायरचा घुंईं आवाज लावतात त्यांनी एकदा तानपुरा लावून बघा. चांगल्या जवारीच्या (तारांच्या गुंजणाऱ्या नादाच्या) तानपुऱ्यात नीट कान दिला तर वर गंधार, म्हणजे ग, सुद्धा ऐकू येतो, कोणी न छेडता. घरात खरा तानपुरा असेल (मिरजेचे तानपुरे अख्ख्या देशात जातात, २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं) तर काय विचारता, पण नसेल तर मोबाईलवरचं ॲप चालतं.

जाहिरातींचं एक सांगायचं राहिलं. व्हिडिओवर फुकट ऐकताना मधे येणारी ॲड गाण्यापेक्षा मोठ्या आवाजात असते, आणि आलाप संपून एकदम बिस्किटाची जिंगल लागली की बाळ उठतंच. आधी डाउनलोड करून ठेवा आणि ऑटोप्ले बंद करा. स्क्रीन तर बाळासमोर नकोच, जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलंय की वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन बिलकुल नाही, मग त्यावर कितीही सुंदर कमळं उमलत असोत. आकाशवाणीचं रागम् नावाचं चोवीस तास शास्त्रीय संगीताचं चॅनल आहे, २६ जानेवारी २०१६ ला सुरू झालं, त्यांच्या ॲपवर मिळतं. तिथे मधे निवेदन असतं आणि पुढे काय लागेल ते आपल्या हातात नसतं, त्यामुळे झोपेसाठी नाही पण सकाळी मालिशच्या वेळी मस्त.

वाद्य की गाणं?

सुरुवात बासरीने करा. आपली जी लांब, खालच्या आवाजाची बासरी आहे, साधारण ३२ इंची, ती पंडित पन्नालाल घोष यांनी मैफिलीत आणली, त्याआधी बासरी मुख्यतः लोकसंगीतात असायची. तिच्या खालच्या सप्तकात फुंकीचा श्वाससुद्धा ऐकू येतो आणि तो माणसाच्या जवळ असल्यासारखा वाटतो. वरच्या सप्तकात मात्र ती टोकदार होते, तिथे लक्ष ठेवा. पंडित हरिप्रसाद चौरसियांची भरपूर रेकॉर्डिंग आहेत, आणि पंडित शिवकुमार शर्मा (संतूर), चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा (गिटार) या तिघांनी १९६७ मध्ये केलेला काश्मिरी धनगराच्या एका दिवसावरचा "कॉल ऑफ द व्हॅली" हा जो प्रसिद्ध अल्बम आहे तो नवख्या माणसाला फार उपयोगी पडतो, कारण त्यात एकेक तुकडा छोटा आहे आणि सकाळपासून रात्रीपर्यंतचे राग क्रमाने येतात, अहिरभैरवापासून पहाडीपर्यंत.

सारंगी बाळांना आवडते असा माझा अनुभव आहे, माणसाच्या गळ्याच्या जवळची आहे म्हणून असेल. सनई मोकळ्या अंगणासाठीचं वाद्य, खोलीत ती लांबूनच आणि बाळ जागं असतानाच. तबला सोलो झोपेसाठी नाही, खेळायला.

गाण्यात काय? ज्यात शब्द कमी आणि स्वर लांब अशी विलंबित गाणी. किशोरीताई आमोणकरांचा भूप मी कितीदा लावलाय याला गणती नाही. मालिनीताई राजूरकरांचे टप्पे (गाण्याचा एक वेगवान प्रकार) मला स्वतःला प्राणापेक्षा प्रिय आहेत, पण ते बाळाच्या झोपेसाठी नाहीत, टप्प्यात ताना अशा सुटतात की बाळ डोळे विस्फारून बघतं, म्हणजे जागेपणीची गंमत. तसंच अभंगांचं, टाळ-पखवाज आला की अंगात येतं, ते सकाळी. जुन्या तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्या जाग्या बाळासाठी उत्तम, लहान तुकडा, सुरू झाला आणि संपला. अब्दुल करीम खाँसाहेबांचा हळुवार लागणारा आवाज ऐकवा. केसरबाई केरकरांची जी भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली तीही याच लांबीची, साडेतीन मिनिटांची. गोव्याच्या केरी गावातली बाई, आणि आवाज सूर्यमालेच्या बाहेर. लेकीला मांडीवर घेऊन ही गोष्ट सांगताना माझा गळा दरवेळी दाटतो.

पाश्चात्त्य संगीत हवं असेल तर एका वाद्याचं घ्या, ऑर्केस्ट्रा नंतर. ब्राम्सची १८६८ ची अंगाई आहे, ती त्यांनी एका मैत्रिणीला मुलगा झाला तेव्हा लिहिली होती. एरिक सातीचे जिम्नोपेडी, बाखचे एकट्या चेलोसाठीचे तुकडे. आणि नाव बघून फसू नका: हायडनची ९४ वी सिंफनी, दुसरा भाग इतका गोड आणि हलका सुरू होतो की वाटतं हेच हवं होतं, आणि मग एकदम सगळा ऑर्केस्ट्रा धाडकन् एक स्वरमेळ वाजवतो. तो मुद्दाम दचकवायलाच लिहिलाय, तिचं नावच सरप्राइज पडलंय.

मग राग कुठला?

आत्ता कुठे राग आला बघा! कारण याचा क्रम खरंच इथे आहे. अमुक रागाने पोटदुखी जाते, तमुकने वजन वाढतं असलं काही मी सांगणार नाही, त्यावर पैसेही घालवू नका. रागांच्या वेळा पाळल्याने बाळाला काही कळतं का? बाळाला त्या वेळा माहीत नाहीत. पण रोज त्याच वेळी तेच स्वर आले की त्याच्या दिवसाला खुंट्या मिळतात, आंघोळीचं गाणं वेगळं, झोपेचं वेगळं, आणि ते त्याला फार लवकर कळतं. आपल्याकडे वेळा ठरवलेल्याच आहेत तर त्या वापरूया.

आमच्याकडे असं होतं: सकाळी मालिशला अहिरभैरव नाहीतर बिभास. दुपारी सारंग, चारच्या सुमाराला भीमपलास. दिवेलागणीला यमन. रात्री भूप किंवा दुर्गा, कधी बागेश्री. संध्याकाळची ती सहा ते आठची किरकिर सगळ्यांकडे असते, त्या वेळेला मारवा आणि श्री हेही राग येतात, थोर राग आहेत, पण मारव्यात षड्ज, म्हणजे सा, असा टेकू देत नाही, सतत अधांतरी, आणि दिवसभर थकलेल्या बाईने रडतं बाळ घेऊन मारवा ऐकला तर तिलाच रडू येईल. मला आलेलं. म्हणून संध्याकाळी यमनच.

अगदीच एक निवडायचा असेल तर भूप. पाचच स्वर, सा रे ग प ध, सगळे शुद्ध, कुठेही टोचत नाही आणि आपल्याला गुणगुणता येतो. चेन्नई-बंगळूरच्या मराठी मंडळींना शेजारच्या आजी नीलांबरी सुचवतील, कर्नाटक संगीतात तो अंगाईचाच राग मानतात, जरूर ऐका.

ताल मांडीवर शिकवायचा असतो

हा भाग मला सगळ्यात प्रिय आहे. २००५ मध्ये कॅनडात एक साधा प्रयोग झाला, सात महिन्यांच्या बाळांना एक असा ठेका ऐकवला ज्यात जोर कुठे ते कळतच नव्हतं, आणि ऐकवताना काही बाळांना दर दुसऱ्या ठोक्याला झुलवलं, काहींना दर तिसऱ्या. नंतर ज्यांना दोनदोनवर झुलवलं होतं त्यांनी दोनदोनचा ठेका जास्त वेळ ऐकला, तीनवाल्यांनी तीनचा. म्हणजे ताल बाळ अंगाने ऐकतं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात असं दिसलं की सहा महिन्यांच्या उत्तर अमेरिकेतल्या बाळांना बाल्कन देशांतले सातासारखे वाकडे ठेकेसुद्धा नीट कळत होते, चुकवले तर कळायचं, पण वर्षाची होईपर्यंत ते कमी झालं, फक्त स्वतःच्या घरातल्या सरळ ठेक्यांचं कळायला लागलं.

वाचून मला पहिलं काय आठवलं असेल तर रूपक! सात मात्रा, तीन-दोन-दोन. आपल्याकडे तो घरचाच आहे आणि आपण बाळाला मात्र दिवसभर चार-चारचीच बालगीतं ऐकवतो. तेव्हा सहा महिन्यांनंतर, बाळ मान सावरायला लागलं की त्याला मांडीवर घ्या, काखेत दोन्ही हातांनी धरा आणि दादरा लावा, सहा मात्रा, धा धी ना धा ती ना, पहिल्या "धा"ला हलकेच गुडघा वर. आठवडाभर दादरा, मग केरवा, मग रूपक, मग झपताल दोन-तीन-दोन-तीन. जोरजोरात हलवायचं अजिबात नाही, डोकं हिंदकळता कामा नये, नुसती गुडघ्याची उचल. आमची नऊ महिन्यांची असताना रूपकाला तिसऱ्या मात्रेनंतर आपणहून थांबायची, पाय ताणून, माझ्याकडे बघत, की आता उचल.

रेकॉर्डिंग बंद करून स्वतः गा

गाता येत नाही असं म्हणू नका हो. माँट्रियलला २०१५ मध्ये सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांना अनोळखी भाषेतलं गाणं आणि बोलणं ऐकवलं, आई दिसत नव्हती, खेळणं नव्हतं, काही नव्हतं. बोलण्यावर बाळं चार मिनिटांच्या जरा वर शांत राहिली, गाण्यावर नऊ मिनिटांच्या आसपास. आणि हे परक्या माणसाचं गाणं होतं, तुमचं तर घरचं.

आमच्याकडे मालिशला येणाऱ्या मावशी होत्या, साठीच्या. तेलाचा हात पाठीवरून खाली यायचा त्याच लयीत ओवी म्हणायच्या, शब्द निम्मे ओठातल्या ओठात, ओवीची शेवटची ओळ लांबवताना हात टाचेपाशी पोचलेला असायचा आणि तिथे अंगठा दाबून सोडायच्या. लेक अगदी गप्प. मी कपाटावर अहिरभैरव लावून ठेवला होता तो एक दिवस जाऊन बंदच केला.

सुरुवात कशी करायची ते सांगते. तानपुऱ्याचं ॲप लावा, तुमच्या नेहमीच्या पट्टीपेक्षा खाली. माझी काळी पाच (पेटीवरची पट्टी), पण बाळाला घेऊन मी काळी तीनला येते, आवाज छातीतून निघतो आणि बाळाचा गाल तिथेच टेकलेला असल्याने त्याला तो थरथरत जाणवतो. आधी नुसता सा, आकारात म्हणजे "आ" म्हणत, श्वास पुरेल तेवढा. मग सा रे ग, ग रे सा. मग खालचा ध घेऊन परत सा. झाला भूप. चुकला तर चुकला, परत सा वर या. बाबांनी तर नक्की करा, खर्जातल्या आवाजाला बाळं कशी पटकन शांत होतात ते बघा. आमच्याकडे नवऱ्याला स्वरांचं काही कळत नाही, पण त्याचा तो एकच सा लेकीला झोपवायला माझ्या यमनापेक्षा जास्त चालायचा.

कधी थांबवायचं

बाळ सांगतं. आवडतंय तेव्हा हातपाय हलायचे थांबतात, डोळे मोठे होतात, दूध पिताना चोखणं मधेच मंदावतं. नको झालंय तेव्हा मान फिरवतं, पाठ कमानीसारखी मागे टाकतं, बोटं फाकवतं, परत परत जांभया देतं, उचक्या लागतात. यातली नको झाल्याची खूण दिसली की बंद करा, लगेच. एका वेळी वीस मिनिटं, फार तर अर्धा तास, रात्रभर नाही. आणि दिवसातला बराच वेळ घरात काहीही चालू नको, टीव्हीही नको, कारण मागून सतत आवाज येत असला की बाळाला आपल्या बोलण्यातले शब्द सुटे करून ऐकणं अवघड जातं. बाळ वेळेआधी जन्मलं असेल किंवा एनआयसीयूतून (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून) घरी आलं असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारून मगच, त्या बाळांना आवाज फार लवकर जास्त होतो.

पहिल्या आठवड्यात एवढंच करा: एक बासरीचा भूप, मिनिटं लिहून ठेवलेला, रात्री झोपायच्या आधी पंधरा मिनिटं, रोज तोच. कंटाळा आपल्याला येतो, बाळाला येत नाही, त्याला तेच तेच हवं असतं. दुसऱ्या आठवड्यात सकाळचा एक. तिसऱ्यात मांडीवर दादरा.

प्रत्यक्ष मैफिलीला कधी न्यायचं असंही एकीने विचारलं होतं. साउंड सिस्टीम असेल तर वर्षभर तरी थांबा, आणि नंतरही स्पीकरच्या भिंतीपासून लांब, दाराजवळची जागा, कानांवर लहान मुलांचे इअरमफ. घरगुती बैठक, माईक नाही, एक तानपुरा आणि तबला, अशी कुठे मिळाली तर सहा महिन्यांचं बाळही न्या. आम्ही मागच्या दिवाळी पहाटेला लेकीला नेलं होतं, शेवटची रांग, पहाटेचा गारठा, ती शालीत. ललत चालू होता. चाळीस मिनिटं मान वर करून बसली, मग म्हणाली "आई, चकली", आणि आम्ही उठलो.